पंपाखालचं भोक

गॅरेजमध्ये सगळे त्यांना परातवाले म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुठलीही गाडी दुरुस्त झाली की हे गृहस्थ आधी इंजिन चांगलं तापवणार, मग बंद करणार, आणि खाली घासूनपुसून लख्ख केलेली परात सरकवून गाडी गार होईपर्यंत थांबणार. गिऱ्हाईक वैतागायचं. "काका, पलीकडचा गॅरेजवाला तासाभरात गाडी देतो!" "मग त्याच्याकडे जा की. मी काय हात धरून ठेवलाय?" असा एकूण खाक्या. वॉटर पंपाची गळती कधीकधी गाडी तापलेली असताना लपून बसते आणि गार होताना थेंब सोडते, असं त्यांचं म्हणणं होतं. परात अर्थातच बायकोच्या स्वयंपाकघरातून लांबवलेली. तिने मागून मागून शेवटी हात टेकले आणि नवीन आणली. काही दिवसांत तीही गॅरेजात.

कामाला माणूस चोख, पण फाटक्या तोंडाचा. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि केस पिकायला लागले तरी भर गिऱ्हाइकांसमोर बोलणी खात होता. चूक दिसली की परातवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. संध्याकाळी ते सगळं विसरलेले असायचे. धाकटा विसरायचा नाही.

त्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी आईला गाडीत घालून घाटापलीकडच्या दवाखान्यात निघाली होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गाडीचा पंप गळत होता. आदल्या दिवशी परातवाल्यांनी त्याची पुली धरून हलवली, तर ती चांगलीच लचकली. "बेअरिंग गेलंय. नवीन पंप टाक," असं धाकट्याला सांगून ते दुसऱ्या गाडीखाली शिरले. सकाळी येऊन परात बघितली, तर कोरडी ठणठणीत. "निघा बिनधास्त," म्हणाले, आणि हात हलवून त्यांना वाटेला लावलं.

मग ते पाना शोधायला फळीकडे गेले आणि तिथे त्यांना पंपाचं खोकं दिसलं. रिकामं असेल म्हणून बाजूला सारायला गेले, तर हाताला वजन लागलं. उघडून बघतात तो आत नवाकोरा पंप! शेजारीच दोन रंगांचा तो मळून लावायचा मसाला, ज्याने पाण्याच्या टाकीची चीर बुजवतात, त्याचा फाडलेला कागद पडला होता.

"इकडे ये," ते म्हणाले. "पंप इथे आहे. मग गाडीत काय आहे?"

धाकट्याने खोक्याकडे बघितलं. "दादा, गळती बंद केली होती. परात तूच बघितलीस ना?"

"बंद केलीस? कुठून?"

"खालच्या भोकातून."

परातवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर ठिबकतं, बेअरिंगकडे जात नाही, आणि मालकालाही कळतं की पंप आता जाणार. ते भोक गळण्यासाठीच ठेवलेलं असतं. ते बुजवायचं म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा! आता सगळं पाणी त्या लचकणाऱ्या बेअरिंगमध्ये शिरणार, पंप अडकणार, बॅटरी आणि स्टिअरिंगलाही जोडलेला बेल्ट उडणार, आणि ते कुठे होणार? घाटाच्या चढावर. दुसरीकडे कशाला होईल!

त्यांनी मुलीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती उचलणार नव्हती, कारण गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, बापाचा असला तरी नाही, हे तिला यांनीच दटावून शिकवलं होतं. बायकोचा फोन घरीच राहिला होता, म्हणजे नेहमीच्या जागी होता.

खोकं, हत्यारं, पंपाच्या सांध्यात घालायचा गॅस्केटचा कागद, कूलंटचा डबा आणि हाताला लागली म्हणून परातही, सगळं गॅरेजच्या गाडीत फेकून दोघं निघाले. गाडी परातवाले चालवत होते. धाकटा खोकं मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. एका शब्दानेही ते त्याला बोलले नाहीत, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बेल्ट नव्हता, बायको होती. गाडी तापून बंद पडेल, बॉनेटमधून वाफ येईल, आणि ही बाई रेडिएटरचं झाकण उघडायला जाईल. उघडेलच! घरी भात शिजत असताना दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघणारी ती. तरुणपणी त्यांनी स्वतः एकदा घाईत ते झाकण फिरवलं होतं, आणि उकळत्या पाण्याने मानेपासून खांद्यापर्यंत कातडी सोलून काढली होती. देवा, तिचा तो एकच डोळा धड आहे, त्यावर नको, असं ते मोठ्याने म्हणाले. धाकट्याने ऐकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर काही नव्हतं. दुसऱ्या वळणावर एक ट्रक उभा होता, त्यांनी ब्रेक दाबला, पण त्याचं टायर बसलं होतं. त्यापुढच्या वळणावर मुलीची गाडी दिसली. बॉनेट उघडं, वाफ, भोवती चार माणसं, आणि बायको कुठेच नाही.

ते गाडी तिरकीच सोडून धावले. माणसांना बाजूला सारून बघतात, तर बायको रेडिएटरकडे पाठ करून उभी होती, हातात छत्री उगारलेली, आणि एका मदतीला आलेल्या धिप्पाड ड्रायव्हरला सुनावत होती, "झाकणाला हात लावाल तर बघा! मी सहा महिने नवऱ्याच्या मानेला मलम लावलंय."

परातवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर मटकन बसले आणि चक्क रडले. मुलगी म्हणाली, "बाबा, बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, मग तापमानाचा काटा चढायला लागला. तिथेच बंद केली." बायको म्हणाली, "अहो, उठा. मला उशीर होतोय."

मायलेकी गॅरेजची गाडी घेऊन पुढे गेल्या. इंजिन निवेपर्यंत दोघं भाऊ थांबले. मग परातवाल्यांनी जुना पंप काढला आणि धाकट्यापुढे धरला. "आता सांग. नवीन का नाही बसवलास?"

"गॅस्केट फाटलं माझ्या हातून. घाईत. दुकानं बंद झाली होती."

"मग सांगायचं नाही? कागदावर कापून दिलं असतं मी!"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा सगळ्यांसमोर काढली असतीस माझी. तीन माणसं बसली होती तिथे."

परातवाल्यांच्या तोंडाशी आलं होतं बरंच. त्यांनी जुन्या पंपाच्या भोकातला दगडासारखा झालेला मसाला अंगठ्याने चाचपला, आणि तोंड मिटलं.

मग कागद नव्या पंपाच्या तोंडावर धरून ते छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकायला लागले. कागद हवा तसा तुटत गेला. धाकट्याने जुनं गॅस्केट खरवडून जागा गुळगुळीत केली, पंप बसवला, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडेथोडे आवळले. उडालेला बेल्ट पुन्हा चढला, कूलंट भरलं. गाडी तापवून बंद केली आणि परात खाली सरकवली. दोघं बघत बसले. परात कोरडी राहिली. तरी परातवाले आडवे झाले, पंपाखाली बोट फिरवलं, भोक मोकळं असल्याची खात्री केली.

गाडीखालूनच, वर न बघता, त्यांनी विचारलं, "हा मसाला आणखी कुठल्या गाडीला लावलास?"

धाकटा हत्यारं गोळा करायला लागला.

"मी ओरडणार नाही. बोल."

"एका," धाकटा म्हणाला. "शाळेच्या पोरांच्या व्हॅनला. परवा."

परातवाले गाडीखालून बाहेर आले. धाकट्याने मान खाली घालून डोळे मिटून घेतले होते. त्यांनी पुसायचं फडकं त्याच्या हातात दिलं, फोन काढला आणि व्हॅनवाल्याचा नंबर लावला.

"गाडी उभी आहे का? बरं. सुरू करू नका," ते म्हणाले. "नाही, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या गॅरेजात चुकलंय. आम्ही दोघं येतोय."