फोटोपुरता पदर

लग्न होऊन एरंडोलजवळच्या गावात आले आणि आठवड्यात घरीच पक्षाची बैठक बसली. माझे सासरे, आबा, पक्षाच्या स्थापनेपासूनचे कार्यकर्ते. मी नाकापर्यंत पदर ओढून कोपऱ्यात बसले होते. आबांनी बैठकच थांबवली. "सूनबाई, पदर मागं घे. चेहरा झाकून आमच्या पक्षात कुणी बोलत नाही." मेले मी लाजेनं! पण बोलले. गावात मुलींना सातवीच्या पुढं वर्ग नाही, एवढंच. आबा सगळ्यांदेखत त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे." सगळं बरोबर आहे!

पक्षातली तरणी पोरं आबांना मागून हसायची. हार नको, खुर्ची नको, सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, बायकांनी उघड्या तोंडानं बोलायचं. "म्हातारा जुने नियम कवटाळून बसलाय, पक्का जुनाट!" म्हणजे मीही जुनाटच की. मला तर तेव्हा त्याचा तोरा होता.

नव्वद सालानंतर पक्ष त्याच पोरांच्या हातात गेला. जिंकायचं तर संस्कृती जपणारा पक्ष दिसला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. आबांना मंचावर खुर्ची मिळाली, गळ्यात हार पडला. 'जुन्या वळणाचे आबा' असं आता माइकवरून कौतुकानं म्हणायला लागले. कुठलं जुनं आणि कसलं वळण! मला संताप यायचा. पण आबांचा खुललेला चेहरा बघून गप्प बसायचे.

पुढं बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि पंचायत समितीचं तिकीट मला मिळालं. म्हटलं, चला, आता आठवीचा वर्ग आणतेच. पोस्टरसाठी फोटो काढायला गेलो तर तालुकाध्यक्ष म्हणाले, "वहिनी, डोक्यावरून पदर." आबा दाराजवळ स्टुलावर बसले होते. आता कडाडतील, म्हणून मी वाट बघत राहिले.

"घे गं," ते म्हणाले, "फोटोपुरता."

निवडून आले. गावोगावच्या भिंतींवर तो फोटो, त्यामुळे पदर काढायची सोयच उरली नाही. सभेत मी पदर सावरत बसायचे आणि माझ्या वतीनं नवरा बोलायचा. आठवीच्या वर्गाचं तेवढं तो नेमका विसरायचा.

एकदा ओसरीवर तालुकाध्यक्ष आणि मंडळी आली होती. माझी लेक त्याच वर्षी सातवी पास झालेली. स्वयंपाकघराच्या दारात मी आबांना म्हटलं, "आज वर्गाचं मीच बोलते."

"आधी पदर घे."

माझं डोकंच फिरलं. "आबा, चेहरा झाकून आपल्या पक्षात कुणी बोलत नाही, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

आबा हळूच म्हणाले, "म्हणूनच सांगतो, बाई. आता बोलू नको."

मी पदर घेतला आणि चहा घेऊन बाहेर निघाले. मागून लेक पाण्याचे पेले घेऊन आली. कुणी न सांगताच तिनं डोक्यावर ओढणी घेतली होती.