दुसऱ्याच्या डिझेलवरची सलामी

"ए वाजंत्री, परत एकदा वाजव. साहेबांचा फोटू व्हायचाय."

चिता पेटली हुती. माझा बिगुल वाजवून झालता. नेसरीच्या अलीकडच्या एका गावात आम्ही फौजेतल्या एका रिटायर हवालदाराला निरोप द्यायला गेलतो. सगळं उरकलं आन मग साहेबांची गाडी स्मशानात शिरली. साहेब म्हंजे आमच्या भागातलं पुढारी. वरडला तो त्यांचा माणूस, मोबाईल हातात धरून.

वाजंत्री! अरं, बिगुलवाला म्हणून फौजेत नोकरी केली म्या. थंडीनं ओठ फाटलं, रक्त आलं, तरी सूर सोडला न्हाय. घराणं आमचं वाजंत्र्याचंच, ते खरं हाय. ह्याच साहेबांच्या दारात माझा बा लग्नाकार्यात हलगी बडवायचा, आन जेवायला बसायचा गोठ्याकडंला, पंगती उठल्यावर. मीबी बसलोय तिथं. शेणाच्या वासात बुंदी खाल्लीया. त्यापायीच तर फौजेत पळालो.

नोकरीत असताना जवान गेला की सरकार सलामी देतंय. घरात खाटेवर मेलेल्या रिटायर फौजीला कोण इचारतंय? म्हणून आम्ही चार-पाच माजी सैनिकांनी मिळून तुकडी काढली. कपडं आमचं, इस्त्री आमची. गाडी आन डिझेल तेवढं साहेबांचं. सरकारी कचेरीत मागितलं हुतं, तर म्हणाले, "याला तरतूद नाही." झालं, विषय संपला.

साहेब गाडीतनं उतरले. "काय रं, ऐकू येईना व्हय? तुझा बा एका हाकेत वाजवायचा."

आमच्या तुकडीचं म्होरकं रिटायर सुभेदार. ते माझ्या कानाला लागलं, "वाजव की बाबा. गाडी बंद झाली तर फुडच्या मयताला जायाचं कसं?"

त्यांचंबी खोटं न्हवतं. बिगुल तोंडापतूर नेला म्या. लाज वाटती सांगायला, पर नेला.

हवालदाराची बायको समोरच हुती, नवऱ्याची फौजी टोपी छातीशी धरून. म्हणाली, "भावजी, आता आन कशाला? ते गेलं की."

माझा हात खाली आला.

"न्हाय वाजवणार."

"काय म्हणालास?"

"साहेब, ही धून मेलेल्या माणसाला वाजवत्यात. तुमी अजून जित्तं हायसा."

कुणी हसलं न्हाय. साहेब गाडीत बसले, आमचीबी गाडी घेऊन गेले. आम्ही कडक इस्त्रीत फाट्यापतूर चालत आलो. सुभेदार मागं न बघता माझ्या फुडं दहा पावलं चालत हुतं.

फुडं गडहिंग्लजच्या पल्याड एक फौजी वारला. एसटी चुकली. पोचलो तवा चिता इझत आल्ती. त्याचा थोरला भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या मानापायी माझ्या भावाची सलामी हुकली."

तवापासनं जीव नुसता जळतोय. पर लई इचार केला. सलामी माझ्यापायी हुकली न्हाय. सरकारनं ती पुढाऱ्याच्या मेहरबानीवर सोडली, म्हणून हुकली. मी मान तुकवली असती तर उद्या दुसऱ्याला तुकवाय लावली असती.

सोमवारी कलेक्टर कचेरीत जाणार हाय. सुभेदार येऊद्यात न्हाय तर नको. फौजीची शेवटची सलामी सरकारच्या पैशानंच व्हायला पायजे, हे तोंडावर सांगणार. हाकललं तर परत जाणार. तवर एसटीनं जाईन, चालत जाईन. पोचलो न्हाय तर लोकांच्या शिव्या खाईन. पर पुढाऱ्याच्या गाडीत पाय ठेवणार न्हाय.