तेलवाल्याचा डबा

नवा महाराष्ट्र झाला, त्या सुमारास आमच्या लहानशा जंक्शनवर मी जायचो त्या खामगावच्या गाडीच्या चाकांना तेल घालणारा एक माणूस रोज दिसायचा. आधी तो आसाजवळ तळवा धरायचा. गरम लागलं तरच तेल. उरलेलं हा घरी नेतो, असा माझा पक्का संशय होता.

शेवटी विचारलंच, "बाकीच्याले काऊन नाही?"

"साऱ्याले तेल पुरते कुठं? जे तापते, त्याले पाजतो."

"आन् रस्त्यात तापलं तं?"

 तो मग शेवटच्या डब्याची थंड चाकंसुद्धा तेलानं भिजवून त्याच डब्यात जाऊन बसला.

तेव्हापासून मीही तिथंच बसू लागलो. एक दिवस मात्र त्यानं शेवटच्या डब्याला तेल घातलं आणि तो स्वतः पुढच्या डब्यात चढला. काही न विचारता मी पिशवी उचलली आणि त्याच्या मागे गेलो.