ट्रॉलीवरची अक्षरं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. पंचाहत्तर सालच्या सुमारास, मी आर्टिस्ट म्हणून नोकरीला होतो त्या सांगलीच्या छापखान्यातून निघालेल्या द्राक्षपेटीच्या लेबलावरची नाचरी अक्षरं माझी नव्हती. तासगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या एका पेंटरची होती. ती मी वहीत उतरवून आणली, आणि मालकांनी माझी पाठ थोपटली तेव्हा गप्प राहिलो.

तो उकिडवा बसून रंगवायचा आणि अक्षरांशी बोलायचा. "सरळ हुबं ऱ्हा की गड्या, वरातीत हाईस व्हय?" असं 'ग'ला दटावायचा आणि मग मुद्दाम त्यालाच वाकडा करायचा. ट्रॉलीवरचं असं नाचणारं 'आईची कृपा' वाचून बाजाराला निघालेल्या बायका थांबून हसायच्या.

पुढं लेबल गावोगाव गेलं. एकदा माझ्यादेखत एक गिऱ्हाईक त्याला म्हणालं, "पेटीवरचं अक्षर चोरलंस व्हय रं?"

मी हातातली वही मिटली. पेंटरनं शेजारची रिकामी पेटी उचलून लेबल निरखलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आवं आर्टिस्ट, ह्यो गडी आदी वरची रेघ मारतो आन् मग अक्षरं टांगतो. म्हनून ती अवघडल्यात. आदी अक्षरं नाचू द्यायची, रेघ मागनं. सांगा त्याला."

एवढं बोलून त्यानं हसत पुन्हा ब्रश बुडवला.

तेव्हापासून मी रेघ शेवटी काढतो. अक्षरं मोकळी येतात, लोक नावाजतात, मलाही कामात सुख मिळतं. ती मूळची त्याची आहेत, हे चारचौघांत सांगण्याचं देणं मात्र अजून माझ्याकडं बाकी आहे.