रोज तपासणारा जमादार

केसरबाईला पोलिसांची भीतीच नव्हती, असं वरोऱ्यात कुणी सांगितलं तर खरं मानू नका. भीती होती, आणि तीच तिला हवी होती. पलीकडचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. केसरबाई सायकलच्या ट्यूबमध्ये मोहाची दारू भरायची, ट्यूब कमरेला गुंडाळायची, वरून लुगडं आवळायची आणि सकाळच्या एसटीने हिंगणघाट गाठायची. हद्दीवरच्या नाक्यावर गाडी मंदावली की पोटात गोळा यायचा. गाडी सुटली की बाई पदराआड हसायची. पोट काय, शेतातल्या निंदणीनेही भरलं असतं. जीव रमला नसता.

नाक्यावरचा जमादार बापूराव मोठा तापट. सापडेल त्याला झोडपायचा, वर खटला भरायचा. पण गाडी तपासायचा ती लहर आली तर. सहा वर्षांत केसरबाई दोनदा सापडली. एकदा चार महिने तुरुंगात काढून आली आणि आठव्या दिवशी पुन्हा त्याच गाडीत बसली. आज आपली पाळी नाही, एवढंच तिला ठाऊक.

मग चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर वामनराव जमादार आला. किडकिडीत, हळू बोलणारा. बायांना चाचपायला त्याने एक म्हातारी बसवली होती. "बाई, उतरा जी," म्हणायचा. शिवी नाही, खटला नाही. ब्लेडने ट्यूब कापायचा, दारू धुळीत जायची, आणि परतीच्या गाडीपर्यंत बाकावर बसवून ठेवायचा. पण एकही गाडी, एकही दिवस सोडायचा नाही. केसरबाई ओळीने अकरा वेळा त्या बाकावर बसली. बाराव्या दिवशी घरीच राहिली. तुरुंगाला जमलं नाही ते त्या बाकाने केलं.

त्यातच मुलीचं, रुखमाचं लग्न जुळलं. मुलगा भद्रावतीचा, कारखान्यात नोकरीला. त्याच्या बापाची अट एकच, आईचा धंदा बंद पाहिजे. केसरबाईने कबूल केलं. पण घरात तिला करमेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. सकाळच्या गाडीचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून दारात यायची.

माघात वामनरावाची बदली झाली आणि बापूराव परत आला. दारू गाळणाऱ्या पत्रूने तिला बाजारात गाठलं.

"जाऊ नको बाई. सापडला त्याले वर्षभर आत टाकीन म्हन्ते तो."

"रोज तपासते का?"

"नाई. मनात आलं तवा."

केसरबाई पदराआड हसली आणि तिथेच त्याला ट्यूबभर दारू सांगितली. रुखमाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चार दिवसांवर असताना बाई निघाली. बापूरावाने बसल्या जागेवरूनच गाडीला हात केला, जा म्हणून.

संध्याकाळी रुखमाला आईच्या लुगड्यातून दारूचा वास आला. ती ओरडली नाही. रिकामी ट्यूब उचलली आणि विळ्याने कापली.

"उद्या बी तपासीन. रोज तपासीन."

 हा हळू आवाज केसरबाईच्या ओळखीचा होता, नाक्यावरच्या वामनरावाचा. पण मन काही थांबेना. वैशाखात लग्न, मग रुखमा भद्रावतीला. तिची बोटं आपोआप पेरांवर फिरू लागली. माघ, फागुन, चैत.

रुखमाने ती बोटं पाहिली.

"मोजू नको, माय. भद्रावतीच्या लोकाईले नाई म्हणून निरोप धाडतो. मी जातच नाई इथून."

आणि ती खरंच चपला घालून निघाली. केसरबाई उंबऱ्यापर्यंत धावली. यापुढे नाही जाणार, एवढं म्हटलं असतं तर पोरगी थांबली असती. शब्द तोंडात आलेही. पण तिचा स्वतःचाच त्यांवर विश्वास बसेना.