पडद्यावर ब्याऐंशी

असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, नोकरी बदलली तरी ते मागोमाग येतात. त्र्याण्णव साली पनवेलला पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचं चार टेबलांचं ऑफिस होतं. कारखान्यातल्या टाक्यांचं तापमान पडद्यावर दाखवणारे प्रोग्राम आम्ही सी भाषेत लिहायचो.

आमचे मालक देसाईसाहेब वेगासाठी कंपायलरला, म्हणजे आमच्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, एक स्विच द्यायला लावायचे. त्याचा अर्थ, 'दोन पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते, कधीच एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत, असं धरून चाल.' आमचे नेमके दाखवायचे! एक पॉइंटर नवं तापमान लिहायचा, दुसरा तीच जागा वाचायचा. कंपायलरला वाटायचं, इथे काही बदललंच नाही, आणि कधीमधी मघाचाच आकडा पडद्यावर राहायचा. मॅन्युअलमध्ये याचा इशारा होता. पण मॅन्युअल मॉनिटरखाली, उंची जमवायला!

*

आकडा अडकतो हे आमच्या सीनियर कामतांनी पकडलं. शोध घ्यायला त्यांनी प्रोग्राममध्ये मध्येच आकडा छापणारी प्रिंटची एक ओळ घातली, तर आकडा सुटला! प्रिंटला बोलावलं की कंपायलर जागा पुन्हा वाचतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

"चालतंय ना? मग हात लावू नका!" कामत म्हणाले. आम्ही चेष्टेनं रोज त्या ओळीला नमस्कार करायचो.

*

कामत दुबईला गेले. "ही ओळ कशाला? वेग खाते," साहेब म्हणाले.

"काही नाही, कामतांचं वेड," असं म्हणून मीच ती पुसली. एकदा चालवून बघितलं, आकडा नीट आला.

*

महिन्याभरात एका कारखान्यात टाकी उसळली. पडद्यावर ब्याऐंशी बघून ऑपरेटर म्हात्रेकाकांनी झाकण उघडलं होतं; आत तापमान कितीतरी वर गेलेलं. दोन्ही हात भाजले. चूक त्यांची ठरली तर नोकरी जाणार होती.

चौकशीत सगळ्यांसमोर प्रोग्राम चालवायचा ठरला. आकडे कागदावर यावेत म्हणून मी प्रिंटची ओळ घातली. तापमान अगदी बरोबर चढत गेलं.

"बघा, प्रोग्राम ठीक आहे!" साहेब म्हणाले.

मला त्याच क्षणी सगळं कळलं: ही ओळ असली की आकडा सुटतो, आणि कारखान्यातली मीच पुसली होती. मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

"मशीन खोटं नाय बोलत," कोन गावचे म्हात्रेकाका हळूच म्हणाले. "मंग माजीच नजर चुकली आसंल."

चूक कबूल केल्याचा कागद पुढे आला. दोन्ही हात बँडेजमध्ये, अंगठाही उठेना. साहेबांनी पेन माझ्याकडे सरकवलं, "त्यांच्या वतीनं तू सही कर."

"करा ना साहेब," काका मला म्हणाले, "तुमी माजं नाव तेवढं पुरं लिवा."

मी पूर्ण लिहिलं.