माझ्या डाव्या हाताला येणारा चेंडू

आमच्या सहकारी सूतगिरणीचा सॉफ्टबॉलचा संघ होता असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. बीड जिल्ह्यात कुस्ती चालते, कबड्डी चालते, हे सॉफ्टबॉल मध्येच कुठून उपटलं? उपटलं ते शाळेतल्या एका क्रीडाशिक्षकामुळे. त्यांनी शिकवलेली पोरं राज्यावर जाऊन बक्षिसं आणायला लागली. एका साखर कारखान्याचा कबड्डीचा संघ बघून आमच्या चेअरमनसाहेबांच्या पोटात दुखत होतंच, त्यांनी ती सगळी पोरं गिरणीत नोकरीला लावून टाकली. सकाळी खात्यात काम, चारनंतर मैदान. खरं तर पगार खेळायचाच होता, सूत आम्ही जाता जाता काढायचो.

त्या संघात माझा एक दोस्त शॉर्टस्टॉपला होता आणि मी फर्स्ट बेसला. ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांना एवढंच सांगतो, की दांडूने मारलेला चेंडू जमिनीवरून सुसाट येतो तो बहुतेक वेळा शॉर्टस्टॉपच्या अंगावर. त्यानं तो अडवायचा, उचलायचा आणि मारणारा पळत पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिथं उभ्या असलेल्या गड्याकडे फेकायचा. तो गडी म्हणजे मी. बारा वर्षं तो फेकत होता आणि मी झेलत होतो. घरी बायकोशी माझं इतकं कधी जमलं नाही, हे ती स्वतःच चारचौघांत सांगते.

आमचं मैदान काळ्या रानातलं. हिवाळा सरला की जमीन उलायची, आणि भेगेच्या कडेवर आपटलेला चेंडू कुणाच्या नाकावर जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही. त्याचा पुढचा एक दात असाच गेला होता. बाकीचे यायच्या आधी तो मैदानावर येऊन खडे वेचायचा. गिरणीत झाडून निघालेला वाया कापूस मातीत कालवून भेगा बुजवायचा. आम्ही चिडवायचो, "अंगण सारवायलास काय बे?" तो मान वर न करता म्हणायचा, "तू बी ये, दात वाचतील." पण एकदा खेळ सुरू झाला की आमची चेष्टा बंद. वाकडा उडालेला चेंडू तो असा उचलायचा, की चेंडूनं आधीच त्याला विचारलेलं असावं. मी कुणाचं कौतुक सहजासहजी करत नाही. त्याचं मात्र करायचो, तेही तोंडावर.

पस्तिशीला आल्यावर गिरणीनं त्याला संघाचा व्यवस्थापक केलं. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, संघ निवडायचा अधिकार मिळाला. त्यानं पहिलीच यादी फळ्यावर लावली आणि तिच्यात त्याचं स्वतःचंच नाव नव्हतं. शॉर्टस्टॉपला आष्टीकडचा एक नवा गडी घातला होता. आम्ही यादी तीनदा वाचली.

मी तडक त्याच्या टेबलाशी गेलो. "लई घाई केलीस बे. अजून दोन वर्षं खेळला असतास."

"गुडघा ऐकंना," तो म्हणाला. "माझा गुडघा मला ठाऊक हाय. त्याच्यापायी संघानं कावून हरायचं?"

खुर्ची मिळाली की माणूस ती घट्ट धरतो, हे मी गिरणीत रोज बघत होतो. याने खुर्ची मिळाल्यावर पहिल्यांदा स्वतःलाच उठवलं.

पुढच्याच वर्षी पाऊस रुसला. कापूस आला नाही, गिरणीची एक पाळी बंद पडली, कामगार कॉलनीतले नळ कोरडे झाले. आणि नेमकी त्याच वर्षी राज्य स्पर्धा आमच्या मैदानावर भरायची होती. आयुष्यात पहिल्यांदा मी घरच्या माणसांसमोर राज्यावरचा सामना खेळणार होतो. माझी मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. बापाला खऱ्या सामन्यात खेळताना तिनं कधी बघितलेलं नव्हतं. त्या स्पर्धेचा मी वर्षभर जप करत होतो.

स्पर्धेच्या चार दिवस आधी चेअरमनसाहेबांनी मैदान भिजवायला टँकर मागवला. पाणी मारलं की धुरळा बसतो, वरचा थर मऊ होतो, चेंडू सरळ येतो. टँकर फाटकातून आत आला तेव्हा कॉलनीतल्या बाया रस्त्याच्या कडेला हंडे मांडून बसल्या होत्या. व्यवस्थापक चालत टँकरपाशी गेला आणि त्यानं ड्रायव्हरला कॉलनीकडे वळायला सांगितलं.

चेअरमनसाहेब संतापले. "राज्याचे संघ येणार आहेत. त्यांना धुरळ्यात खेळवायचं का?"

"साहेब, आपल्याच बाया हंडे घेऊन बसल्यात," तो म्हणाला. "त्यांच्या म्होरं मातीला पाणी पाजायचं मला न्हाई जमणार. मैदान आमी करतो."

साहेब गाडीत बसून गेले. आम्ही दोन दिवस गुडघ्यावर बसून खडे वेचले, भेगा बुजवल्या. माझी छाती अभिमानानं फुगली होती. मी भेटेल त्याला सांगत होतो, की हा माणूस माझा दोस्त आहे.

तिसऱ्या दिवशी तो मला कापसाच्या गोदामात शोधत आला. आडवळण त्याला कधी जमलंच नाही. "फर्स्ट बेसला दुसरा घालतो म्हणतो," तो म्हणाला. दुसरा म्हणजे बीडच्या एका मेकॅनिकच्या घरातला उंच गडी, गेल्याच वर्षी गिरणीत लागलेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या हंगामात माझ्या हातून चेंडू सुटत होते, हे खरं. पण दोष माझा नव्हता, आष्टीकडच्याला धड फेकताच येत नव्हतं, आणि हे मी चार महिने सगळ्यांना ऐकवत होतो. "त्याला फेकायला शिकव," मी म्हणालो. "तू फेकायचास तेव्हा माझा एक तरी सुटला का? चल, आत्ता फेक. एक सोडला तर उद्या मी घरी बसतो."

"नको," तो म्हणाला.

"भ्यालास?"

आम्ही मैदानावर गेलो. ऊन रणरणत होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तो त्याच्या जुन्या जागी लंगडत उभा राहिला. मी बारा चेंडू मागितले, वर्षाला एक. त्यानं जमिनीवरचा चेंडू उचलावा आणि फेकावा, उचलावा आणि फेकावा. पहिले दोन मी घेतले. तिसरा उजवीकडे खाली आला आणि ग्लोव्हच्या खालून गेला. पाचवाही गेला. आठवा नडगीवर बसला. बारातले पाच मी सोडले.

"मुद्दाम वाकडे टाकलेस," मी ओरडलो. मी त्याला शिव्याही दिल्या, त्या इथं लिहीत नाही.

तो जवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "आजच सरळ टाकले बे," तो म्हणाला. "कुणी बी टाकंल तसे. उजवीकडं खाली आलेला चेंडू तुला पहिल्यापासून येत न्हाई. म्हणून मी तुझ्या डाव्या हाताला, छातीशी टाकायचो. आष्टीकडच्या पोराला ते जमायचं न्हाई, अन् अशा कोरड्या मैदानावर तर मुळीच न्हाई. पाणी मी वळवलं. आता त्यापायी संघ मलाच बदलावा लागंल."

"बारा वर्षं बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर तू त्या बाजूला भीत राहिला असतास. भ्यालेल्याकडं मला फेकता आलं नसतं."

मी ग्लोव्ह तिथंच टाकून घरी गेलो. मुलीला सांगितलं, की पाय मुरगळलाय. खोटं बोललो, आणि स्पर्धेला जायचं नाही असं ठरवून टाकलं. पण लेकीला सामना बघायचाच होता. तिला नाही म्हणवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून मंडपात जाऊन बसलो.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पूर्वी राज्याच्या निवड समितीत होते. धुरळा उडत होता, चेंडू वेडेवाकडे उसळत होते, पाहुण्या संघाचे लोक मैदानाच्या नावानं बोटं मोडत होते. आमचा उंच गडी उजवीकडे झुकून खालचे चेंडू टिपत होता. माझ्यानं ते एकही धरवले नसते, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. कळून बरं वाटलं असं नाही.

म्हाताऱ्यांनी समोर उभ्या व्यवस्थापकाकडे बोट केलं. "याच्यासारखे हात मी पुन्हा बघितले नाहीत," ते म्हणाले. "देशाच्या संघाच्या शिबिरासाठी तीनदा त्याचं नाव आमच्यापुढे आलं होतं."

"मग घेतलं का नाही?"

"एकच खोट होती. चेंडू उचलला की लगेच फेकत नव्हता. अर्धा क्षण थांबायचा, नेम धरल्यासारखा. वरच्या खेळात तेवढा वेळ मिळत नाही. आम्ही तिन्ही वेळा नाव खोडलं. त्याला कळवलंही होतं, की एवढं सुधार."

तो अर्धा क्षण माझ्या डाव्या हातासाठी होता; पुढचं ते काय बोलले मला आठवत नाही. मुलीला त्यांच्यापाशी बसवून मी उठलो आणि आमच्या बाकाकडे गेलो. तो मैदानाकडे बघत उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "शिबिराचं मला कधी सांगितलं न्हाईस."

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला कावून सांगू?" तो म्हणाला. "फेकत मी होतो."

मला रडू आलं. सगळ्या संघासमोर, मुलगी लांबून बघत असताना, मला रडू आलं. तो बाकावर जरा सरकला, माझ्यासाठी जागा केली, आणि उरलेला सामना आम्ही दोघांनी तिथं बसून बघितला.